बदामाला तारीख कळत नाही

३ डिसेंबर २०२४, मंगळवार. अड्याळ, माझं घर, पुढची खोली.

डॉक्टरांनी सांगितलं म्हणून लिहिते आहे. आधी तारीख, वार, ठिकाण, मगच बाकीचं, असं त्यांनी बजावलं. तीस वर्षं मी मुलींना हेच सांगत आले. मला सांगायची गरज नव्हती.

मी चंद्रकांता मेश्राम. वय एकोणसाठ. बी.एस्सी., नागपूर, १९८६. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं, शेवटची नऊ वर्षं मुख्याध्यापिका होते. लग्न केलं नाही. वही कोणाची ते पहिल्या पानावर असावं, म्हणून एवढं लिहिलं.

तक्रार: अचानक छाती धडधडते, हात गार पडतात, काही मिनिटं आपण कुठे आहोत ते कळत नाही. सोबत पाठीत, दोन खांद्यांच्या मधे कळ येते. ती मणक्याची, तिचा याच्याशी संबंध नाही.

कारण मला माहीत आहे. १० मार्च २०२३ रोजी शाळेमागच्या काटेसावरीवरचं आग्या मोहोळ उठलं. गॅस संपला होता, खिचडीची चूल त्या दिवशी झाडाखाली मांडली गेली होती आणि धूर वर गेला. मी एकतीस मुलींना एका वर्गात घेतलं आणि दार लावलं. एकीलाही डंख झाला नाही. खिचडी रांधणाऱ्या मालनबाई तलावाकडे पळाल्या. त्या वाचल्या नाहीत. तेव्हापासून माशांच्या गुणगुणण्याचा मला त्रास होतो.

कारण कळलेलं आहे, उपाय तेवढा सांगा, असं मी डॉक्टरांना म्हटलं. डॉक्टर रीना नाव त्यांचं, वय बत्तीसच्या वर नसेल. त्या हसल्या. मला ते आवडलं नाही.

६ डिसेंबर, शुक्रवार. अड्याळ.

सकाळी विहारात जाऊन आले. मेणबत्ती लावली, वंदना झाली. मी मागे, दाराशी उभी राहते. भाषणांच्या आधी निघाले. नंतर दिवसभर कोणाशी बोलणं झालं नाही. तक्रार नाही, नोंद म्हणून लिहिते.

१० डिसेंबर, मंगळवार. भंडाऱ्याहून परतल्यावर.

डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीमागे मेंदूचं चित्र काढलं. चित्रकला वाईट आहे, समजावणं बरं आहे. मेंदूच्या आत बदामाएवढा एक भाग असतो, तो धोक्याची घंटा वाजवतो. त्याला लागूनच दुसरा भाग, तो ‘हे केव्हा झालं, कुठे झालं’ याची नोंद ठेवतो. आणि कपाळामागचा भाग घंटेला सांगतो, पुरे, आता गप्प बस.

“म्हणजे मुख्याध्यापिका,” त्या म्हणाल्या.

मोठ्या धक्क्यानंतर काही लोकांत बदाम फार हळवा होतो. त्या प्रसंगाची एखादी खूण समोर आली, आवाज, वास, काहीही, की तो पेटतो. नेमकं त्याच वेळी कपाळामागचा भाग मंद पडतो. अशा लोकांना यंत्रात झोपवून, खुणा दाखवून हे पाहिलं गेलं आहे.

“घंटा वाजतेय आणि मुख्याध्यापिका रजेवर. बदामाला तारीख कळत नाही, मॅडम. त्याच्या लेखी दहा मार्च आजच आहे. म्हणून आधी तारीख लिहायची. तारखांची नोंद ठेवणारा भाग जागा करायचा.”

मी एक दिवसही रजा घेत नसे, असं मी म्हटलं. त्या पुन्हा हसल्या.

यापुढे तक्ता ठेवायचा: तारीख, ठिकाण, आसपास काय चाललं होतं, त्रास दहापैकी किती, किती मिनिटं. शिवाय मोबाईलवर माशांचा आवाज रोज दहा मिनिटं ऐकायचा. टाळायचं नाही, सोसायचं. हे मला पटलं.

१२ डिसेंबर, गुरुवार. अड्याळ.

पोस्टात गेले होते. त्रास ९, पंधरा मिनिटं. पाठीतही कळ. खिडकीतली बाई पाकिटांवर शिक्के मारत होती, तिनं थांबून पाणी दिलं. कारण उघड आहे: डोक्यावर जुना पंखा घरघरत होता. डिसेंबरात पंखा कशाला लावतात?

१५ डिसेंबर, रविवार. अड्याळ.

शेजारच्या धुरपताबाई सकाळीच भांडायला आल्या. खरं तर मी भांडायला हवं होतं, कारण त्यांच्या बकरीनं माझ्या घरात शिरून वालाच्या शेंगा खाल्ल्या.

“तुमचा दरवाजा कायले सताड उघडा ठेवता जी? जनावर हाय ते, घुसनच ना.”

“हवा खेळती राहायला हवी.”

“डिसंबरात? आमी गोधडीतून नाक नाई काढून राहिलो, आन् तुमाले हवा पाह्यजे?”

“बकरीला बांधा, धुरपताबाई.”

“बकरीले बांधतो. पन चोर आला तं त्याले कोन बांधन?”

चोरानं न्यावं असं घरात काही नाही, पुस्तकं आणि सत्काराची शाल सोडून. ‘प्रसंगावधानाबद्दल’ असं लिहिलेलं मानपत्र शालीच्या घडीत आहे. दोन्ही एकदाही बाहेर काढलेली नाहीत.

माशांचा आवाज: आज ५.

२० डिसेंबर, शुक्रवार. अड्याळ.

दुपारी एक संदेश आला. शब्दशः उतरते: “नमस्ते मॅडम. मी रुचिका, मालनबाईंची मोठी मुलगी. भंडाऱ्याला नर्सिंग शिकते. मला तुम्हाला भेटून एक विचारायचं आहे. कधी येऊ?”

उत्तर दिलं नाही. काय ते मी चौकशीत लिहून दिलं आहे. ‘मालनबाई तलावाकडे धावल्या. त्यांचा आवाज वर्गात आला नाही.’ त्यावर वेगळं काही सांगण्यासारखं नाही.

माशांचा आवाज: ४.

२८ डिसेंबर, शनिवार. अड्याळ.

मळणीचं यंत्र आलं नाही म्हणून धुरपताबाईंचे मालक भैय्यालाल अंगणात लाकडी पाटावर धानाच्या पेंढ्या झोडत होते. त्रास ९, वीस मिनिटं. पाठ धरली. मलम लावायला हात पोचत नाही, आणि लावून द्यायला कोणी नाही. भिंतीवर मलम फासून तिच्यावर पाठ घासली. विज्ञानाच्या पदवीधर बाईला शोभणारं नाही, पण उपयोग झाला.

कारण: पेंढ्यांवर घोंगावणाऱ्या माशा असाव्यात. मला दिसल्या नाहीत.

७ जानेवारी २०२५, मंगळवार. अड्याळ.

माशांचा आवाज: २. आज मिक्सर लावला, १. भैय्यालालांच्या पिठाच्या चक्कीपाशी मुद्दाम उभी राहिले, १. आजार आटोक्यात आहे. डॉक्टरांना तसं फोनवर कळवलं, तक्ताही वाचून दाखवला. “मग कालचा आठ कसला?” त्यांनी विचारलं. काल गॅसवाल्यानं उघड्या दाराची कडी खडखड वाजवली होती. मला त्याची उर्मट वागणूक खपत नाही, असं सांगितलं.

१४ जानेवारी, मंगळवार. अड्याळ.

संक्रांत. धुरपताबाईंनी तिळगूळ दिला, पण त्यांचं घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, त्या उंबऱ्यावरूनच गेल्या. गोड बोला म्हणाल्या. कोणाशी, ते सांगितलं नाही.

रुचिकाचा दुसरा संदेश: “मॅडम, गावात म्हणतात की माझी आई येडी होती, माशा लागल्या तर उलटी पाण्याकडे पळाली. माझ्या लहान बहिणीला शाळेत तसं चिडवतात. तेव्हा वर्गात असलेली एक मुलगी म्हणते की बाहेरून कोणीतरी दार वाजवत होतं. आई आधी दाराशी आली होती का? एवढंच सांगा. मी भांडायला येत नाही.”

एकतीस मुली एकाच वेळी किंचाळत होत्या. त्या गोंगाटात कोणाला काही ऐकू येणं शक्य नाही. घाबरलेली मुलं कल्पना करतात.

उत्तर लिहिलं आणि पुसलं. तीन वेळा.

४ फेब्रुवारी, मंगळवार. भंडाऱ्याहून परतल्यावर.

बरी झाले असं सांगून औषध बंद करवून घ्यायला गेले होते. डॉक्टरांनी दोन महिन्यांचा तक्ता टेबलावर पसरला आणि लाल पेनानं गोल केले. मी मुलींच्या वह्यांवर करायचे तसे.

“मिक्सर एक. चक्की एक. माशांचा खरा आवाज दोन. पोस्ट नऊ, पेंढ्या नऊ, गॅसवाला आठ. मॅडम, विद्यार्थिनीनं असा तक्ता आणला असता तर तुम्ही काय म्हणाला असता?”

“निष्कर्ष तपासून पाहा, असं म्हटलं असतं.”

“बदाम पूर्ण गोष्ट ठेवत नाही, तुकडा ठेवतो. कोणता ठेवायचा ते आपल्याला विचारत नाही. तुमचा तुकडा माशांचा नसावा.” मग त्यांनी विचारलं, “इथे आलात की तुम्ही माझं दार उघडं ठेवायला सांगता. का?”

“हवा खेळती राहावी म्हणून.”

त्या हसल्या नाहीत. बाहेरून मदतनीस बाईनं चहासाठी उघडंच दार वाजवलं. पुढची दहा मिनिटं मला सांगता येणार नाहीत. परत येताना बसमध्ये डॉक्टरांचा राग आला होता. अड्याळला उतरेपर्यंत राग उरला नव्हता, आणि त्याच्या जागी काय आलं त्याला मला नाव देता येत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार. अड्याळ.

डॉक्टरांकडे गेले नाही. आठवडाभर कोणाशी एक शब्द बोलले नाही. मोबाईल कपाटात ठेवला आहे.

तक्ता रोज पाहते. चक्की आणि पोस्ट यांत फरक काय, हा प्रश्न नववीतली मुलगीही सोडवेल.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. अड्याळ, पुढची खोली.

अंदाज पुरत नाही, प्रयोग लागतो. तीस वर्षं हेच शिकवलं. डॉक्टरांना विचारून करायला हवा होता, विचारलं नाही.

धुरपताबाईंना बोलावलं.

“मी आत बसते. दार लावून घेते. तुम्ही बाहेरून वाजवायचं.”

“मी? तुमाले मालूम हाय मी बाहेर हावो. मंग ठोकायचा कायले?”

“प्रयोग आहे.”

“आत कोनाले लपवून तं नाई ना ठेवलं जी?” असं म्हणून पदरात तोंड घालून हसल्या. मला हसू आलं नाही, पण बरं वाटलं.

“आठ-दहा वेळा. जोरात. मी काही बोलले तरी थांबू नका.”

दार लावलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. लाकूड फुगलं होतं, ढकलावं लागलं. मग दाराला पाठ टेकून बसले. तसं बसायचं मी ठरवलं नव्हतं, शरीर आपोआप तसं बसलं.

पहिली थाप दोन खांद्यांच्या मधे लागली. नेमकी तिथेच.

पुढचं उद्या लिहीन.

१९ फेब्रुवारी, बुधवार. अड्याळ.

लिहिता आलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार. अड्याळ.

आज २३ फेब्रुवारी २०२५, रविवार. मी अड्याळला माझ्या घरी आहे. समोर पाण्याचा तांब्या आहे. हे लिहून मग लिहिते.

कानानं नाही, मी पाठीनं ऐकलं होतं. वर्गाच्या दाराला आतून कडी नव्हती, म्हणून मी पाठ लावून उभी होते. थापा माझ्या पाठीवरच पडत होत्या, मधे फक्त एक बोट जाडीची फळी होती. सात. चौथीनंतर ती बोलली, “बाई, मी हावो जी. मालन.” मोठ्यानं नाही. नेहमी खिचडीची चव द्यायला ऑफिसच्या दाराशी येऊन म्हणायची, तसंच.

मी पाय आणखी घट्ट रोवले.

सातव्या थापेनंतर काही वाजलं नाही. तलावाकडे ती मग पळाली. आधी नाही.

आणि पहिल्या पानावर मी ‘चूल झाडाखाली मांडली गेली होती’ असं लिहिलं आहे. हे वाक्य मी मुलींच्या वहीत लाल केलं असतं. चूल मांडली गेली नव्हती. अवकाळी पावसानं स्वयंपाकघर गळतं, ओली लाकडं आत धूर कोंडतील, म्हणून बाहेर मांडा, असं मी सांगितलं. मालनबाई वर बघून म्हणाल्या, “बाई, वर माशायचं पोळं हाये. धूर लागन.” मी म्हटलं, “धुरानं माशा शांत होतात, मालनबाई. मी विज्ञान शिकवते.” पुस्तकात तसंच आहे. पुस्तकातल्या माशा पाळलेल्या, पेटीतल्या असतात.

दार उघडलं असतं तर आतल्या मुलींचं काय झालं असतं, मला माहीत नाही. कदाचित पुन्हाही उघडणार नाही. पण ‘आवाज आला नाही’ हे खोटं आहे. मी ते सही करून दिलं, आणि लिहिताना मला ते खरं वाटत होतं. यातलं दुसरं मेंदूनं केलं असेल. सही मी केली.

प्रयोगाच्या दिवशी धुरपताबाई दार ढकलून आत आल्या होत्या. माझ्यासमोर जमिनीवर बसल्या. मग म्हणाल्या, “असा परयोग पुन्हा नका करू जी. मी ठोकनार नाई.” आणि मलम मागून घेऊन पाठीला लावून दिलं.

२ मार्च, रविवार. अड्याळ.

रुचिकाला लिहिलं: “येत्या रविवारी अकराला ये. वेळेवर ये.” दुसरं वाक्य लिहायला नको होतं. सवय.

डॉक्टरांना सगळं फोनवर सांगितलं. एकटीनं असा प्रयोग केल्याबद्दल रागावल्या. तो राग योग्य होता.

९ मार्च, रविवार. अड्याळ, पुढची खोली.

रुचिका अकराला दहा मिनिटं कमी असताना आली. स्कूटी लावली. दार उघडंच होतं, तरी मॅडमच्या घरी कसं शिरायचं म्हणून तिनं कडी वाजवली. मला खुर्चीचा हात धरावा लागला. डॉक्टरांनी शिकवलं तसं मोठ्यानं म्हटलं, “आज नऊ मार्च दोन हजार पंचवीस, रविवार, अड्याळ.”

“मॅडम, हजेरी घेता का?” ती म्हणाली. हनुवटी आईची आहे.

चहा नको म्हणाली. मी उभ्यानंच सांगितलं, चुलीपासून सातव्या थापेपर्यंत. मधे थांबले नाही, थांबले असते तर पुढे गेले नसते. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती.

“सात?”

“सात.”

“मोजल्या तुम्ही?”

“मोजायची सवय आहे.”

ती टेबलाशी गेली आणि मुठीनं लाकडावर थापा मारू लागली. एक, दोन, तीन, चार. मग थांबली, ओठ हलले. आईचं वाक्य म्हटलं असावं. मग उरलेल्या तीन. मी भिंत धरून उभी होते. तिनं ते पाहिलं, तरी हात थांबवला नाही. थांबवायलाही नको होता.

“एवढा वेळ?”

“हो. एवढा.”

“खूप वेळ आहे, मॅडम.”

“हो.”

बाहेर बकरी ओरडली. रुचिकानं डोळे पुसले, रागानं, जोरात.

“म्हणजे आई येडी नव्हती.”

“नव्हती. पोळं आहे हे तिनं मला आधी सांगितलं होतं. चूक माझी झाली.”

“हे लिहून द्या. सही करून. बहिणीला वाचायला लागेल.”

या वहीतली दोन पानं इथे नाहीत, ती तिच्याकडे आहेत. तारीख, वार, ठिकाण लिहून सगळं नीट लिहिलं. तिनं दोनदा वाचलं. दुसरी प्रत शिक्षण विभागाला पाठवते, असं मी सांगितलं. त्यासोबत ते मानपत्रही परत जाईल.

दारात ती वळली. मला वाटलं काहीतरी बोलेल. ती एवढंच म्हणाली, “तुम्ही दुपारचं जेवून घ्या,” आणि जाताना सवयीनं दार ओढून घेतलं.

मी ते उघडलं नाही. दिवस मावळेपर्यंत बंद खोलीत बसले. स्कूटीचा आवाज गेल्यानंतर काहीही वाजलं नाही. ती पुन्हा येईल असं मला वाटत नाही.

१० मार्च, सोमवार. अड्याळ.

तक्ता.

वेळ सकाळी सात. आसपास काय चाललं होतं: रात्रभर दार बंद. बाहेरून थाप. धुरपताबाईंचा आवाज, “बाई! ओ बाई! दरवाजा काहून लावला जी? मेल्या तं नाई ना?”

त्रास ७. मिनिटं ४. पाठीत कळ आली. तारीख मोठ्यानं म्हटली, वार म्हटला, गाव म्हटलं. उठले.

तिसऱ्या थापेला उघडलं. आधी बकरी आत आली, मग धुरपताबाई, हातात लाखोरीच्या डाळीच्या वड्यांची वाटी. मला डोक्यापासून पायापर्यंत पाहून म्हणाल्या, “जित्या हा ना? मंग बोलाचं ना लवकर!”

बरोबर आहे. अजून दोन थापांचा उशीर आहे.